माग थांबलेली गल्ली

ही गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. त्या गल्लीत मी माझ्या पायांनी गेले आणि नशिबानं माझ्याच पायांनी परत आले. खोटी वाटली तर वाटू दे. मलाही तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

आणि हो, रात्र नव्हती. भुतं रात्रीच हिंडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी सोलापूरची चैत्रातली दुपार पाहिलेली नसावी.

साल पंचाहत्तर. मी तेव्हा लग्न होऊन माढ्याला होते. धाकटी बहीण वेणू हिला सोलापूरचं स्थळ आलं होतं. मुलाचं नाव श्रीमंत, मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. घर स्वतःचं. सासरा नाही, एक सासू.

देणं-घेणं काही नको म्हणाले.

पत्रिका बघायची नाही म्हणाले.

लग्न मात्र लवकर उरकू या म्हणाले.

माहेरी आमचे आबा खूश. मला झोप लागेना. फुकट मिळालेलं वांगं मी दोनदा चिरून बघते, इथं तर बहिणीचा जन्म होता.

"तू पोलिसात पाहिजे होतीस," आमचे हे म्हणाले.

सासूबाईंना सांगितलं, सिद्धेश्वराला जाऊन येते. सकाळच्या पॅसेंजरनं एकटीच निघाले. बरोबर धपाटी आणि शेंगाचटणी.

खरं सांगते, तोवर शहरात मी एकटी कधी हिंडलेच नव्हते. स्टेशनवर उतरले आणि आधी टांगा केला. नवी पेठेतली दुकानं बघत बघत देवळाशी आले. दर्शन घेतलं. तळ्याच्या काठी बसून धपाटी खाल्ली. कुणी विचारणारं नाही, कुणाला वाढायचं नाही. इतकं बरं वाटलं, की आलेलं काम विसरून तशीच घरी जावं असं क्षणभर मनात आलं.

गेले असते तर...

पण नाही गेले. सिटी बसमध्ये बसले.

"साखर पेठ आली की सांगा हो," कंडक्टरला म्हटलं.

"मी तितंच उतरते. चला की माझ्यासंगं."

शेजारी एक बाई होती. ती कधी येऊन बसली ते मला कळलं नव्हतं. माझ्याच वयाची. कोरं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातभर हिरवा चुडा. पदरात ओटी भरलेली, नारळ वर दिसत होता. डोहाळजेवणाहून आली असेल, म्हटलं.

कंडक्टरनं मला तिकीट दिलं आणि पुढं गेला. तिला विचारलंच नाही. ओळखीच्यांना फुकट नेतो मेला, एवढंच माझ्या मनात आलं.

उतरलो तेव्हा मिलचा दुपारचा भोंगा होत होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डांबर इतकं वितळलेलं, की माझ्या चपला चिकटत होत्या.

ती अनवाणी होती.

"अहो, पाय भाजतील की!"

"न्हाय भाजत."

ती पुढं, मी मागं. चालताना तिचे हात हलत होते, पण चुडा... वाजत नव्हता.

मग ती गल्ली आली. दोन्ही बाजूंना विणकरांची घरं, घरोघरी माग. खटक-खट, खटक-खट. माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये असा आवाज.

आम्ही पहिल्या घरासमोर आलो.

त्या घरातला माग थांबला.

दुसऱ्या घरासमोर आलो. तोही थांबला.

वीज गेली म्हणावं, तर हे हातमाग. मी एका दारातून आत बघितलं. म्हातारा विणकर मागावर बसलेला. धोटा हातात तसाच. मान खाली घातलेली. आमच्याकडं बघायचं नाही, असं ठरवून बसल्यासारखा.

पुढचं घर. तिथंही तेच.

आता मागचे माग चालू होतील, असं मला वाटत होतं. एकही होईना. गल्लीत तेवढ्या माझ्या चपला वाजत होत्या. फक्त माझ्या.

"कुणाकडं जायचं?" तिनं न वळता विचारलं.

"आहेत लांबचे पाव्हणे," मी थाप मारली.

"श्रीमंताकडं की. भैन देताय न्हवं?"

हिला कसं कळलं? पण मी म्हटलं, शेजारीण असेल. शेजारणींना सगळं कळतं.

"पोरगी कशी हाय? जीव लावणारी हाय का?"

"आहे की. लई माया तिच्यात."

"तिच्या गळ्यात काय काय घालणार हायत?"

"मंगळसूत्र. आणखी काय घालतात?"

ती थांबली. पहिल्यांदाच माझ्याकडं वळली. चेहरा चांगला होता हो. दमलेला, पण चांगला.

"बास? आणखी काय न्हाय?... इचारा त्यांना."

आणि समोरच्या दाराकडं बोट केलं.

गोजाबाई, म्हणजे श्रीमंतची आई, दारातच तांदूळ निवडत होत्या.

"अगं बया! पोरीची अक्का न्हवं तुमी? न सांगता-सवरता? या, या. उन्हानं तोंड किती लाल झालंय!"

आत बसवलं. पाणी आणायला वळल्या. बोलणं गोड, भांडी लख्ख, भिंतीला नवा चुना. सगळं इतकं नीटनेटकं, की माझा संशय आणखी वाढला.

पण काहीतरी खुपत होतं. कानाला.

माग अजून बंदच होते... अख्ख्या गल्लीचे.

"मावशी, बाहेर एक बाई उभी आहे. तिनंच घर दाखवलं मला. तिलाही पाणी द्या."

"कोण बाई?"

"तुमच्या ओळखीचीच असणार. हिरवं लुगडं, हातभर चुडा."

तांब्या धरलेला हात तिथंच राहिला.

"ओटी भरल्याली हुती?"

"होती."

गोजाबाईंनी तांब्या खाली ठेवला. भर दुपारी दार लावलं. कडी घातली. आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, बाहेरून कुणी ढकलत असल्यासारख्या.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. हिरवं लुगडं, चुडा, भरलेली ओटी. डोहाळजेवणाला असं नटवतात.

आणि सवाष्ण गेली, की तिलाही असंच नटवून नेतात.

"श्रीमंतला पहिली बायको होती तर," मी म्हटलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मावशी, कधी गेली?"

"साल झालं."

"कशानं?"

"ताप आला हुता."

"कसला ताप?"

"ताप म्हंजे ताप! येतो की माणसाला!"

उत्तर फार लवकर आलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आमच्याकडं रीत आहे. बिजवराला मुलगी दिली, की तिच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालतात. छोटासाच, नखाएवढा. नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, मग आपण नेसायचं. घास आधी तिच्या नावानं. त्यामुळं गेलेलीला जागा मिळते, आणि ती नवीला त्रास देत नाही.

"टाक का नाही केला?"

"टाक केला की समद्यांना कळलं असतं की, बाई." आवाज एकदम म्हातारा झाला त्यांचा. "बिजवर म्हनलं की पोरगी कोन देतंय? आन् तरणीताठी गेली म्हनलं, की लोक धा सवाल करत्यात."

बाहेर काही वाजलं नाही. कडी नाही, दार नाही, पाऊल नाही.

"परसातनं जावा," त्या कुजबुजल्या. "म्होरल्या दारानं नगं."

गेले. पळतच गेले म्हणा ना. कोपऱ्यावर एक टांगा उभा होता. टांगेवाले कासीमभाई खाली उतरून, हात बांधून उभे होते. बघत होते गल्लीच्या तोंडाकडं.

"कौन गया बाई आज?" मला हळूच विचारलं.

"म्हणजे?"

"अंदर से आयी ना तुम? इधर मयत निकली तोच माग बंद करते सब लोगां. मैं कबसे खडा हूं... जनाजा तो आयाच नै."

मी मागं वळून गल्लीकडं बघितलं.

मग गल्लीच्या त्या टोकाला एक माग सुरू झाला. मग त्याच्या शेजारचा. मग पुढचा. आवाज एकेका घरानं आमच्याकडं सरकत आला. कोपऱ्यावरच्या घरापर्यंत आला, तशी घोडी बिचकून मागं सरली. शेवटी तोही माग खटखटू लागला.

"बैठो बाई, बैठो जल्दी," कासीमभाई म्हणाले.

सासरी न जाता मी थेट माहेरी गेले आणि एक शब्द लपवला नाही. आबा भडकले. त्याच रात्री स्थळाला नकार कळवायचा, असं ठरलं. आता काळजी मिटली, म्हणून मी पहिल्यांदा नीट जेवले.

वेणू चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "अक्का, ती दारापर्यंत आली, पण आत नाही आली?"

"नाही."

"मग तिला मी नेते की आत. गळ्यात घालते. माझ्याजवळ राहील बापडी. एकटी कुठं हिंडेल उन्हात?"

आम्ही सगळ्यांनी समजावलं, ओरडलो, रडलो. एरवी गाय असलेली पोरगी, पण त्या दिवशी तिनं कुणाचं ऐकलं नाही. ते बोलणं तिचंच होतं का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

टाक केला. लग्न झालं.

वेणूचं चांगलं चाललंय. दोन मुलगे, सुना, नातवंडं. गोजाबाई कधीच गेल्या. आजारपणात वेणूनं त्यांचं सगळं केलं. फक्त शेवटी त्या वेणूच्या हातचं पाणी घेईनात. म्हातारपण, असं सगळे म्हणाले.

मागच्या वर्षी मी राहायला गेले होते. दुपारी दोघीच होतो. वेणू पानाला चुना लावत होती. मला म्हणाली,

"अक्का, ती तापानं नाही गेली."

"तुला कोण म्हणालं?"

तिनं नुसता गळ्यातला टाक पदराखाली सारला आणि हसली.

"सांगते मला. पण तुला सांगू नको म्हणालीय."

जास्त विचारायची माझी हिंमत झाली नाही. म्हणे पोलिसात पाहिजे होते मी!

इतक्या वर्षांत श्रीमंतरावांनी वेणूवर एकदाही आवाज चढवला नाही. ती उठली की उठतात, ती म्हणेल ते करतात. अख्ख्या गल्लीत म्हणतात, नवरा असावा तर असा.

मी मात्र एक बघून ठेवलंय.

ते वेणूकडं पाठ करून कधी बसत नाहीत. कधीच नाही... जेवतानासुद्धा.