बावन्न मोठे की अडतीस?

लाल मातीच्या खेळपट्टीवर माझी आत्या सरस. काळ्या मातीच्या खेळपट्टीवरही आत्याच सरस. मग दोन्ही एकत्र केल्यावर उर्मिला जगदाळे सरस कशी निघते? हे कोडं मला पडलं तेव्हा मी जेवत होते. ताट तसंच टाकून मी सायकल काढली. आई मागून काहीतरी म्हणाली, पण ते ऐकू आलं असतं तरी मी थांबले नसते. कोडं सुटेपर्यंत मला एका जागी बसवत नाही.

आत्या म्हणजे शलाका गुरव, कोकण संघाची फलंदाज. भारताचा महिला कसोटी संघ ऑस्ट्रेलियाला निघायचा होता आणि त्यात एकच जागा उरली होती, तिच्यासाठी आत्या आणि उर्मिला अशा दोघी चर्चेत होत्या. निवड समितीच्या मदतीला हल्ली 'पारख' नावाचं यंत्र असतं. पारखने जाहीर केलं, उर्मिलाची सरासरी (एकूण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागल्यावर येणारा आकडा) बावन्न आणि आत्याची अडतीस, सबब उर्मिला. आत्याला चौतिसावं लागलं होतं. आत्ता नाही तर कधीच नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि बोलत कोणीच नव्हतं. त्या गप्प बसण्याचाच मला जास्त त्रास होत होता.

संघ पक्का होण्याआधी एक हरकतीचा दिवस असतो. आधी लेखी हरकत पाठवली की त्या दिवशी कोणीही समितीपुढे आपलं म्हणणं मांडू शकतं. आमच्या कातळवाडीने काय केलं असेल? सरपंचकाकांनी झणझणीत मजकूर लिहिला, 'शलाकावर अन्याय म्हणजे कोकणावर अन्याय', आणि झाडून साऱ्या गावाने तोच मजकूर काना-मात्रा न बदलता पाठवून दिला. यंत्राने मजकूर ताडून पाहिले आणि अख्ख्या गावाची मिळून एकच हरकत धरली. एक हरकत, एक वक्ता, पाच मिनिटं. मग बोलायचं कोणी यावरून गावात जुंपली ती जुंपलीच.

मला भांडणात रस नव्हता. मला पारखची चूक पकडायची होती. म्हणून मी हिशेबरावकडून दोघींचे आकडे मातीप्रमाणे वेगळे करून घेतले होते. हिशेबराव म्हणजे सड्यावरच्या (गावालगतच्या कातळी माळावरच्या) आमच्या मैदानात धावा मोजणारा यंत्रमानव. त्याचं एक चाक कुरकुरतं, पण गणित चोख असतं. त्या दिवशी मात्र मी धापा टाकत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि त्याचं गणित चुकलंय असं ठणकावून सांगितलं.

"बसा, रेणूताई," तो म्हणाला. मी बसले नाही. त्याने फळ्यावर आकडे उमटवले आणि मी त्याच्याभोवती फेऱ्या मारत वाचू लागले.

लाल माती, म्हणजे चेंडू छातीपर्यंत उसळणारी, खेळायला अवघड. तिथे आत्या वीसदा बाद, धावा सहाशे, सरासरी तीस. उर्मिला पाचदा बाद, धावा शंभर, सरासरी वीस. काळी माती, म्हणजे चेंडू बसका येणारी, खेळायला सोपी. तिथे आत्या पाचदा बाद, धावा साडेतीनशे, सरासरी सत्तर. उर्मिला वीसदा बाद, धावा बाराशे, सरासरी साठ. दोन्हीकडे आत्या दहाने पुढे. आता बेरीज. आत्याच्या साडेनऊशे धावा भागिले पंचवीस, अडतीस. उर्मिलाच्या तेराशे भागिले पंचवीस, बावन्न. मी तीनदा भागाकार केला. हिशेबरावचं चुकलं नव्हतं आणि पारखचंही चुकलं नव्हतं.

हिशेबरावने मला विचारलं की शाळेतून येताना मी सायकल कशी चालवते. मी म्हटलं, घाट चढून, आणि जीव जातो. मग तो म्हणाला की समजा, एक मुलगी रोज बराचसा रस्ता चढते आणि थोडासाच उतरते. दुसरी बराचसा उतरते आणि थोडासाच चढते. पहिली चढावर दुसरीपेक्षा वेगवान, उतारावरही वेगवान. पण दिवसभराचा वेग काढला तर कोण पुढे दिसेल?

"दुसरी," मी म्हणाले. "कारण तिच्या वाट्याला उतार जास्त आला." आणि म्हणता म्हणताच मी थांबले. माझ्या फेऱ्याही थांबल्या. आत्याचे बहुतेक डाव चढावरचे होते! कोकण संघाची सगळी मैदानं लाल मातीची. उर्मिला घाटापलीकडच्या पठारावरची, तिथे माती काळी. पारखने दोघींना मोजलंच नव्हतं, कोणाच्या वाट्याला कोणती माती आली ते मोजलं होतं.

याला गटविरोधाभास म्हणतात (प्रत्येक गटात एक जण पुढे असतो, पण गट एकत्र केले की दुसराच पुढे दिसतो), असं हिशेबरावने सांगितलं. दोघींना अवघड आणि सोपे डाव सारख्या प्रमाणात मिळाले असते, तर असं झालं नसतं. मी सायकलकडे पळणार, तेवढ्यात त्याने हाक मारली. उर्मिला लाल मातीवर पाचदाच बाद झालीय, तो म्हणाला. एवढा नमुना (मोठ्या गोष्टीचा अंदाज घेण्यासाठी उचललेला तिचा लहान भाग) फार तोकडा. पाच डाव नशिबाचेही असू शकतात. मला ते ऐकायचं नव्हतं. मी मान हलवली आणि निघाले.

हरकतीच्या दिवशीही गावाचं एकमत होईना. अखेर सरपंचकाका वैतागून म्हणाले की ज्याला गणित समजलंय त्याने बोलावं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. ग्रामपंचायतीच्या पडद्यावर समितीच्या अध्यक्ष शेरेगार मॅडम दिसत होत्या. आत्या मागच्या भिंतीला टेकून उभी होती. मी माती सांगितली, घाट सांगितला, आकडे सांगितले. दौरा उसळत्या खेळपट्ट्यांच्या देशात आहे, हेही सांगितलं. गावाने टाळ्या वाजवल्या.

शेरेगार मॅडमनी टाळ्या संपू दिल्या. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "उर्मिलाची लाल मातीवरची वीसची सरासरी किती भरवशाची आहे, असं तुला वाटतं?"

मला उत्तर माहीत होतं. 'भरवशाची आहे' एवढं म्हटलं असतं तर कदाचित सगळं तिथेच संपलं असतं. मी आत्याकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही की डोळ्यांनी काही खुणावलं नाही.

"फार नाही," मी म्हणाले. "ती पाचच वेळा बाद झालीय. आत्याचे काळ्या मातीवरचे सत्तरही तसेच, तेही पाचावरच उभे आहेत. पक्के म्हणावेत असे आत्याचे लाल मातीवरचे तीस आहेत आणि उर्मिलाताईंचे काळ्या मातीवरचे साठ."

"मग आम्ही काय करावं?"

"उर्मिलाताईंना लाल मातीवर आणखी खेळवा. आमच्याकडे. दोघींना एकाच खेळपट्टीवर." हे तोंडातून निघालं आणि मागे कोणीतरी कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज आला. हातातोंडाशी आलेला घास मी स्वतःच उडवला होता.

समितीने शेवटची जागा रिकामी ठेवली आणि कातळवाडीत दोन सामने लावले. उर्मिला आदल्या दिवशी आली, उंच, अबोल आणि आमच्या उकाड्याने हैराण झालेली. संध्याकाळी मैदानात जाऊन पाहते तर आत्या तिला खेळपट्टीवर फिरवत होती. चेंडू कुठे पडला की उसळतो, कुठे पडला की खाली राहतो, हे बॅटच्या टोकाने दाखवत होती. मी रागाने लाल झाले. उर्मिला गेल्यावर आत्याला म्हटलं की तू स्वतःच्या हाताने स्वतःची जागा देऊन टाकते आहेस.

आत्या वाकून माती हातात घेत म्हणाली, "ही माती माझ्या ओळखीची, तिला परकी. ती चाचपडत खेळली नि मी जिंकले, तर त्यांनी काय मोजलं गो? खेळ नाही, ओळख मोजली. तूच सांगितलंस ना त्यांना?"

तेच तर मी सांगितलं होतं, फक्त ते माझ्या आत्यालाही लागू होतं हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्या रात्री मला आत्याचा इतका अभिमान वाटला, आणि इतकी भीतीही, की मला झोप आली नाही.

सामने झाले. उर्मिला छान खेळली, वीसवाली मुळीच वाटली नाही. तरी जुने-नवे सगळे डाव धरून लाल मातीवर आत्याच पुढे राहिली, पण दहाचं अंतर चारावर आलं. समितीने आत्याचं नाव घातलं. उर्मिलाला पुढच्या मोसमात लाल मातीवर खेळायला पाठवायचं ठरलं, आणि पारख आता सरासरी सांगताना आधी माती सांगतं. जाताना उर्मिलाने आत्याला मिठी मारली आणि माझ्या डोक्यावर टपली दिली.

परवा ऑस्ट्रेलियात पहिल्या कसोटीत आत्या पहिल्या डावात शून्यावर बाद झाली. सारं गाव ग्रामपंचायतीत जमलं होतं. सरपंचकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो चेंडू मीच टाकला होता. मला रडू येत होतं आणि मी रडले. पण रडता रडताच म्हटलं, "काका, एकच डाव झालाय. एका डावाची सरासरी काढायची नसते."

आज दुसरा डाव आहे. आत्या सात धावांवर खेळते आहे. आत्ताच एक चेंडू तिच्या छातीपर्यंत उसळला आणि तिने तो बॅटने शांतपणे पायाशी दाबला, अगदी सड्यावर दाबते तसा. मला आता बसून लिहवत नाही. मी चालले ग्रामपंचायतीत, मोठ्या पडद्यावर बघायला.