बांधाकडेचा सुरण

वर

मळेवाडीत शेतात शिरताना पायातलं बांधावर काढून ठेवायचं, ही रीत हाकतंतूंच्या आधीपासूनची. आज बांधावर दोन जोड चपलांचे आणि एक निळ्या बुटांचा.

चपला तानूबाई आणि शेवंता या जावांच्या. बूट डॉ. अनघा बोंद्रे यांचे. त्या कृषी विद्यापीठाच्या विस्तार विभागातल्या. प्रयोगशाळेत सापडलेलं शेतापर्यंत पोचवणं हे त्यांचं काम. उद्या तालुक्याचं कृषी प्रदर्शन. तिथे सगळ्यात मोठा सुरण आपला असावा, एवढंच तानूबाईंचं मागणं होतं. गेल्या वर्षी तो मान शेजारच्या गावाने नेला होता.

"उकरा आता," तानूबाई म्हणाल्या. "बघत बसून फुगणार हाय का त्यो?"

एक वीत

(कुदळ चालू असताना थोडं विज्ञान.)

हाकतंतू म्हणजे मातीतल्या एका बुरशीचे केसाहून बारीक धागे. ते एका पिकाचं मूळ दुसऱ्याच्या मुळाला जोडतात. रोपाला अळी लागली, की त्याच्या मुळांतून काही द्रव्यं पाझरतात. ती त्याची हाक. हाक पोचली, की हे धागे शेजारच्या रोपांकडचं शिल्लक अन्न तिकडे वाहून नेतात. विद्यापीठाने या बुरशीचा कान अधिक तिखट केला आणि मळेवाडीत ती पेरली. पुढच्या हंगामात ती साऱ्या तालुक्यात जाणार होती.

पिकं गावात सगळीकडे सुधारली. पण बांधाकडेचे सुरण घागरीएवढे का होतात, ते कुणाला कळेना. मग डॉक्टरांनी माती तपासली. रागावलेल्या किंवा दुःखी माणसाच्या तळपायांना जो घाम येतो, तो थेट त्या हाकेसारखा. जावा रोज सकाळी बांधावरून अनवाणी भांडायच्या. हाकतंतूंना वाटायचं, दोन मोठी रोपं किडीने हैराण झालीत. ते अन्न घेऊन धावायचे आणि वाटेतले सुरण ते गिळायचे.

"म्हंजी आमी अळ्या लागल्याली झाडं?" शेवंताने तेव्हा विचारलं होतं.

"बुरशीच्या लेखी, हो."

"आक्काला तर मुळापासनंच लागल्यात."

दीड वीत

मग शेवंताच्या लेकीचं बाळंतपण अडलं. तानूबाई रात्रभर दवाखान्यात बसून राहिल्या आणि भांडण मिटलं. त्या वर्षी सुरण निघाले बटाट्याएवढे.

म्हणून यंदा दोघींनी ठरवून भांडायचं काढलं. दर गुरुवारी डॉक्टर बघायला यायच्या. पंपाच्या हौदाजवळ अनवाणी उभ्या राहायच्या आणि पोट धरून हसायच्या.

"माझा बांध कोरलास तू!"

"कोरला तर कोरला. च्या घेतलास का?"

"घेतला. तू मधी च्या आणू नगंस, राग जातो."

दोन वीत

बांधाकडेचा कंद वर आला. लिंबाहून थोडा मोठा.

"वळखलं त्येनं," तानूबाई म्हणाल्या. "लटकं भांडण त्येला चालत न्हाई."

"मग खरं भांडू या. एका हंगामापुरतं," शेवंता म्हणाली.

"आन् हंगाम सरल्यावर?"

"परत बोलू."

तानूबाईंनी कंदावरची माती झटकली. "मधीच तुझी लेक पुन्हा अडली, तर मी काय हंगाम सरायची वाट बघू?"

डॉक्टर हसून म्हणाल्या, "हौदाजवळ मी बेण्याचा एक उरलेला तुकडा लावला होता. तो बघू या, म्हणजे यंदाचं झालं."

कंद

वीतभर खणलं, लागला. बाजूने मोकळा करायला गेले, तर बाजू संपेना. शेवंता खड्ड्यात उतरली, तानूबाईंनी वरून ओढलं. जात्याच्या पाळीएवढा सुरण हलून कलंडला.

"पहिला नंबर आपलाच," डॉक्टर टाळ्या वाजवत म्हणाल्या. "उद्या पाटीवर जागा, निगा, कारण सगळं लिहू. लोक विचारतीलच, इतका कशानं..."



शेवंताने खड्ड्यातून हौदाकडे पाहिलं, मग बांधावरच्या निळ्या बुटांकडे. "म्याडम, हितं तुमीच उभ्या ऱ्हायच्या न्हवं?"

"इथे पंपाची ओल असते. त्यामुळे असेल."

"पंप दोन वर्सं बंद हाय."

डॉक्टरांनी या गावात प्रत्येकाला लेकीसुनांची खुशाली विचारली होती. त्यांची कोणी विचारली नव्हती. इतकं हसणाऱ्या माणसाला काय विचारायचं?

तानूबाईंनी सुरणावरून हात फिरवला. मग शेवंताला वर घेऊन तो पायाने खड्ड्यात परत ढकलला आणि वर माती लोटू लागल्या.

"अहो, हे काय? प्रदर्शन..."

"ह्यो नगं. ह्येच्यावर पाटी लावून गावाला दाखवायचं काय?" त्यांनी पदराला हात पुसले. "बसा. घरी कोण असतं तुमच्या?"

डॉक्टर नेहमीसारख्या हसल्या. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि खाली पाहिलं. तळव्यांखालची माती ओली झाली होती.

त्या हौदाच्या कठड्यावर बसल्या आणि दोन्ही पाय हळूच वर उचलून घेतले.