तेरा मिनिटं लवकर

"सूर्य बुडला की आपोआप लागणारा दिवा आहे का तुमच्याकडं?"

माझा प्रश्न ऐकून अमरावतीच्या त्या दुकानदारानं मला आधी वरून खाली आणि मग खालून वर पाहिलं. "बटन दाबलं की लागते, असा आहे ताई," तो म्हणाला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी गर्रकन वळले. काखेत हेल्मेट, केसांतून पाणी निथळतंय, हातात वायरींचा भिजका खोका... आणि चेहऱ्यावर ते हसू तसंच!

"हसायले काय झालं?" मी विचारलं.

"तुमाले नाही हसलो बापा, ह्याइले हसलो," तो घाईघाईनं म्हणाला. "तसा दिवा असते. माझ्यापाशी आहे. मी तेच काम करतो — अकोल्यात, घरोघरी. फोनवरून लागणारे दिवे, पंखे, कॅमेरे..." मग जरा थांबून, "उजैर."

"काय उजैर?"

"माझं नाव उजैर."

मी माझं नाव सांगितलं नाही. पण दिवा कशाला हवा, ते मात्र सांगून बसले. बाहेर अवकाळी पाऊस कोसळत होता, दोघंही त्या दुकानात अडकलो होतो, आणि माझ्या मनात दोन दिवसांपासून नुसती भीती साचली होती. कुणाला तरी सांगायचीच होती.

भीती अब्बांची. म्हणजे मी अब्बांना भीत नाही, अब्बांसाठी भिते. रिद्धपूरच्या पुढं आमची संत्र्याची बाग आहे. दोन वर्षं सारखी फळगळ झाली. गेल्या साली अब्बांनी स्वतः उभं राहून दोनशे झाडं तोडून घेतली आणि त्या दिवसापासून ते गप्प झाले. आमच्या भागात बाप गप्प झाला की घरातल्या बाया विहिरीवर आणि फवारणीच्या औषधांच्या कपाटावर नजर ठेवायला लागतात. कुणी कुणाला काही सांगत नाही. अम्मी ठेवत होती, मीही ठेवत होते.

अब्बांचं एकच शाबूत होतं, ते म्हणजे रोजे. चाळीस वर्षांत एक सुटला नव्हता. "झाडं गेली, पण रोजा नाही गेला," असं ते म्हणायचे, तेव्हा तेवढा त्यांचा आवाज जुन्यासारखा लागायचा. रमजानातही ते बागेतल्या खोलीवरच राहायचे, रोही म्हणजे नीलगाई आणि रानडुकरं यांच्यापासून बाग राखत. कानांनी ऐकू कमी येतं, त्यामुळं अजान त्यांच्यापर्यंत पोचत नाही, फोनची घंटाही नाही. घड्याळ त्यांना कधी पटलंच नाही, आणि त्यांच्या बटनाच्या फोनमधलं घड्याळ तर बॅटरी निघाली की सरळ दोन हजार नऊ सालात जाऊन बसतं. ते सूर्य पाहून रोजा सोडायचे. आणि यंदा ऐन रमजानात आभाळ आलं. सूर्यच दिसेना! शंका नको म्हणून दोन दिवस त्यांनी पार अंधार पडेपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घेरी येऊन पडले.

हे सगळं ऐकताना उजैरचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही.

"रविवारी येतो लावून द्यायले," तो म्हणाला.

"अकोल्याहून? रोजा ठेवून? एवढ्या दूर?"

"तुमच्या रस्त्यावरच एक कॅमेरा बसवायचा आहे न..."

असा कुठलाही कॅमेरा नव्हता, हे मला नंतर कळलं.

रविवारी दुपारी तो आला. खोलीसमोरच्या खांबावर त्यानं दिवा चढवला. नेटसाठी आपला एक जुना मोबाईल खोलीत ठेवून दिला. मग माझ्या फोनवर ॲप टाकलं. फोन माझ्या हातात, बोट त्याचं.

"पहिले दिव्याले नाव द्या."

"दिव्याले कुठं नाव असतं?"

"द्याच लागते. 'अब्बांचा दिवा' लिहू?"

"लिहा."

"अन् मालकीणबाईचं नाव? ते बी लागते."

"दिव्याले माझं नाव काहून लागतं?"

"दिव्याले नाही लागत," तो फोनकडं पाहतच म्हणाला. "मले लागते."

माझा चेहरा तापला. त्यात रोजा! मी मनातल्या मनात तौबा केली आणि म्हटलं, "अमरीन."

"आता गाव टाकू. गावावरून तो सूर्य कधी बुडते ते काढते. रिद्धपूर नाही दिसून राहिलं याच्यात... अमरावती टाकतो."

"टाका," मी म्हटलं. झालं! एवढं सोपं काम.

संध्याकाळी मी घरी होते. नमाज उरकून अब्बांचा फोन आला. "लागला! पोट्टे, दिवा लागला! खजूर खाल्ला मी!" मी फोन कानापासून दूर धरला, कारण अब्बा फोनवर ओरडूनच बोलतात. अम्मी चुलीपाशी उभी राहून डोळे पुसत होती. किती दिवसांनी ते आपणहून बोलले होते!

आणि मग रोज सात वाजता दुसरा एक फोन यायला लागला.

"दिवा लागला?"

"लागला."

"बरोबर लागला?"

"बरोबर लागला."

"मग ठेवू?"

"ठेवा."

त्यानंतर वीस-वीस मिनिटं कुणीच फोन ठेवायचं नाही. गुरुवारी तर त्यानं विचारलं, "ईदीनंतर दिव्याचं काम संपंल. मग मी कोणत्या बहाण्यानं फोन करू?" मी म्हटलं, "बहाणा तुम्ही शोधा, तुम्ही कारागीर." मग उशीत तोंड खुपसून हसले.

शुक्रवारी गारपीट झाली. मी मोर्शीच्या ज्या लॅबमध्ये काम करते तिथली लाईन गेली, आम्हाला लवकर सोडलं. मी परस्पर बागेत गेले. आभाळ काळं झालेलं, झाडांखाली हिरव्या संत्र्यांचा सडा पडलेला. अब्बा बाजेवर बसले होते, पुढ्यात खजूर आणि पाण्याचा गडू. मी पोचते न पोचते तोच दिवा लागला.

अब्बांनी दुआ म्हटली, खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले. माझ्याकडं वाटी सरकवली. "खा न, पोट्टे."

मी खजूर उचलला आणि सवयीनं फोनकडं पाहिलं. सहा बावीस.

मशिदीतल्या वेळापत्रकात आज सहा पस्तीस होते. सकाळीच वाचलं होतं मी.

"हात धुऊन येते," मी म्हटलं आणि खजूर मुठीत धरून विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. मोबाईलच चुकला असेल... वेळापत्रकच चुकलं असेल... या अल्लाह, माझंच वाचण्यात चुकलं असू दे! मी थांबून राहिले. दहा मिनिटं. अकरा. बारा. आणि मग वाऱ्यावरून गावातली अजान आली, अगदी स्पष्ट. बाजेवर बसलेल्या अब्बांना ती ऐकू आली नाही. ते दिव्याकडं पाहून समाधानानं दाढीवरून हात फिरवत होते.

मग मी मुठीतला खजूर खाल्ला.

सात वाजता फोन आला. "दिवा लागला?"

"लागला," मी म्हटलं. "तेरा मिनिटं लवकर लागला. काय करून ठेवलं तुम्ही, उजैर?"

"उद्या येतो," तो म्हणाला. त्या दिवशी फोन त्यानंच आधी ठेवला.

शनिवारी चार वाजता तो आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. अब्बा बागेच्या त्या टोकाला होते. आम्ही खांबाखाली उभं राहून फोन तपासायला लागलो. घड्याळ बरोबर. नेट बरोबर. दिवा बरोबर. सूर्यास्ताच्या आधी लागायचं कुठं सांगून ठेवलंय का, तर तेही नाही. मग त्यानं गावाचं पान उघडलं. अमरावती. त्याच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. आंध्र प्रदेश.

"तिकडं बी एक अमरावती आहे," तो हळूच म्हणाला. "पूर्वेकडं. तिथं सूर्य आपल्याआधी बुडते."

"सहा रोजे," मी म्हटलं. "चाळीस वर्षांत एक नाही, अन् आता सहा."

त्यानं आपली अमरावती निवडली. एका बोटाचं काम होतं. वेळ लगेच बदलली, सहा पस्तीस.

"झालं न दुरुस्त? आता कोणाले सांगू नका," मी म्हटलं.

"अमरीन..."

"नका सांगू! तुमाले माहीत नाही. त्यांच्यापाशी आता तेवढंच आहे. तेबी गेलं म्हणून सांगितलं, अन् मग ते..." मी विहिरीकडं पाहिलं. त्यानंही पाहिलं.

"मले बी भेव वाटते," तो म्हणाला. "पण रोजे त्यांचे आहेत. भरून काढायचे का नाही, ते त्यांनीच ठरवावं. आपण कोण लपवणारे?"

"सांगशील तर पुन्हा इकडं येऊ नको!" रागात मी अरे-तुरेवर आले. "फोन बी नको करू!"

तो माझ्याकडं बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नाही सांगत. मग मान खाली घालून तो अब्बांच्या दिशेनं चालायला लागला. मी मागं धावले. त्याला अडवायला धावले की अब्बांना सांभाळायला, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

अब्बा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून गळलेली संत्री गोळा करत होते. शेजारच्या वावरात महादेवरावांकडं सात-आठ बाया घाईघाईनं कांदा भरून राहिल्या होत्या. उजैर अब्बांसमोर गुडघे टेकून बसला.

"चाचा, दिवा चुकीच्या वेळेवर लागला," तो म्हणाला.

"काय?"

"दिवा! तेरा मिनिटं आधी लागला! सहाही दिवस!" त्याला ओरडावंच लागलं. कांद्याच्या बाया वर पाहायला लागल्या. "तुमचे सहा रोजे वक्ताच्या आधी सुटले! चूक माझी आहे!"

अब्बांच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. ते काही बोलले नाहीत. मला तो गप्पपणा ओळखीचा होता, झाडं तोडली त्या दिवशीचा. मी त्यांचा सदरा मागून मुठीत धरला, लहानपणी जत्रेत धरायचे तसा.

मग त्यांनी विचारलं, "सहा?"

"सहा, चाचा!"

"जाणूनबुजून केलं काय?"

"नाही! कसम!"

"मग ईदीनंतर सहा ठेवून देईन. त्याले कजा म्हणते." अब्बांनी संत्रं टोपल्यात टाकलं. "रोजा काय कुठी पळून जाते? पुढं गेला, बस. तोंड काहून पाडलं तुमी दोघायनं? मेलं काय कोणी?"

माझी मूठ सुटली. मी तिथंच मातीत बसले आणि रडायला लागले.

"पण हे झालं कसं?" अब्बा उजैरला म्हणाले. "एवढा शिकलेला, अन् गाव नीट वाचता नाही आलं?"

"ध्यान नव्हतं," उजैर पुटपुटला.

"मोठ्यानं बोल."

"ध्यान नव्हतं!"

"काहून नव्हतं? कुठी होतं?"

उजैरनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग डोळे मिटून, सगळ्या वावरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो ओरडला, "तुमच्या पोरीकडं पाहून राहिलो होतो!"

कांद्याच्या बायांचे हात थांबले. एकीनं पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता धरणी दुभंगावी. अब्बा सावकाश उठले, कपडे झटकले, आणि माझ्याकडं वळले.

"फोन कोणाच्या हातात होता?"

"माझ्या," मी म्हटलं.

"मग तुले बी दिसलं असन न गाव? तू कुठी पाहून राहिली होती?"

मी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं.

"काय? ऐकू नाही आलं."

कांदा भरणाऱ्या बायांतली पार्बताबाई तिकडून ओरडली, "सांग न वं बाई, आमाले बी ऐकू नाही आलं!"

"त्याच्याकडं, अब्बा!" मी ओरडले. "त्याच्याकडं पाहून राहिली होती मी!"

बाया खदाखदा हसल्या. अब्बांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. मग उजैरकडं बोट दाखवून म्हणाले, "ईदीच्या दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस तू बी माझ्यासंग रोजा ठेवशीन. इफ्तारले इथं येशीन. अन् सातव्या दिवशी तुझ्या अम्मीले घेऊन ये, आमच्या घरी."

उजैर "जी" म्हणाला. पण अब्बांना ते ऐकू गेलं नाही, त्याला पुन्हा ओरडून सांगावं लागलं.