माझ्या हाकेच्या आधी

“ताई, दर शुक्रवारी तीच जागा, तीच वेळ, तीच हाक. असं करू नका. सवय लागते.”

मावशी असं म्हणाल्या तेव्हा मला हसू आलं होतं.

“लागू दे की! तेवढीच आईच्या आवाजाची सवय होईल तिला.”

दाराशी चप्पल घालता घालता, वर न बघता त्या म्हणाल्या, “तिला नाही म्हणत मी.”

मग कुणाला... हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

हे सगळं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. कुणाला खोटं वाटलं तर खुशाल हसा. आणि अशा गोष्टी रात्रीच घडतात असा समज असेल तर तोही काढून टाका. आमच्याकडे जे घडलं ते भर दुपारी साडेबाराला, तिसऱ्या मजल्यावर, खाली शाळेची बस हॉर्न वाजवत असताना.

मी घरून व्हिडिओ एडिटिंग करते. कंपन्यांचे ट्रेनिंगचे व्हिडिओ. ‘आग लागल्यास लिफ्ट वापरू नये’ छापाचे. नवरा जहाजावर असतो. मुलगी सव्वादोन वर्षांची. बसते बेडकासारखी, म्हणून घरात तिचं नाव बेडकी. तिला सांभाळायला सकाळी दहा ते चार मावशी यायच्या.

बेडकी दहा महिन्यांची होती तेव्हापासून मी एक गोष्ट नेमाने केली. दर शुक्रवारी साडेबाराला तिला पाठमोरी चटईवर बसवायची. पॅसेजच्या या टोकाला फोन स्टँडवर लावायचा. आणि हाक मारायची.

“बेडकी!”

ती वळून बघायची. बस, एवढंच. चौसष्ट आठवडे, चौसष्ट वळणं. नवरा घरी येईल तेव्हा त्याला एका दमात दाखवायची, पोरगी कशी मोठी झाली ते.

गेल्या महिन्यात मी त्या क्लिप जोडायला बसले.

सुरुवातीच्या छान होत्या. हाक, मग वळणं, मग बोळकं हसू.

विसाव्या क्लिपनंतर मात्र काहीतरी खटकायला लागलं.

बेडकी आधी वळत होती... हाक नंतर येत होती.

आवाज मागे पडलाय, दुसरं काय! फोनच्या शूटिंगमध्ये हे नेहमीचं. मी हाकेचा तुकडा अलीकडे सरकवला, वळण्याशी जुळवला. पुढच्या क्लिपमध्ये जरा जास्त सरकवावा लागला. त्याच्या पुढच्या क्लिपमध्ये आणखी.

चौपन्नाव्या क्लिपमध्ये हाक चांगली एक सेकंद मागे होती. ती सरकवली...

आणि प्रोग्रॅम बंद पडला.

पुन्हा उघडला. सरकवली. बंद. कॅशे साफ केली, ड्रायव्हर अपडेट केला, सगळं नव्या प्रोजेक्टमध्ये घेतलं. हाक आहे तिथे राहू दिली की सगळं सुरळीत. बेडकीच्या वळण्याच्या आधी नेऊन ठेवली की खलास.

जणू त्या जागी आधीच काहीतरी होतं.

कॉलेजमधला एक मित्र साऊंडचं काम करतो. त्याला आम्ही कानसेन म्हणतो. त्याला फोन लावला.

“फ्रेम रेट बदलता असणार गं. आधी कन्व्हर्ट कर, मग रड.”

“केलं.”

“मग मशीन विक आणि भजन कर.”

“टवाळक्या नकोत. एका क्लिपच्या आत आवाज घसरत जातो हे मला कळतं. पण एका आठवड्यापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत कसा घसरेल?”

मग तो म्हणाला, “सगळ्या क्लिप पाठव. बघतो.”

त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण मी थांबले नाही.

इथे जरा लाज सोडून लिहिते. मला मावशींचा हेवा वाटायचा.

माझ्याजवळ बेडकी पाऊण तास झोपायची नाही, त्यांच्या खांद्यावर चार मिनिटांत. चार वाजता त्या निघाल्या की ही दाराखालच्या फटीत बोटं घालून बसायची. एकदा नवऱ्याने व्हिडिओ कॉलवर विचारलं, “काय गं, आई म्हणते तरी कुणाला? तुला की मावशींना?” गंमत होती ती. मीही हसले. पण दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

त्यामुळे चौपन्नावी क्लिप मोठी करून पाहिली आणि कडेला मावशींचा हात दिसला, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

हात बेडकीच्या खांद्यावर होता. माझ्या हाकेच्या आधी.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

“मावशी, हा हात कुणाचा?”

“माझाच की.”

“मी हाक मारायच्या आधीच तुम्ही तिला खूण करता. का? आई हाक मारते आणि पोर मावशींच्या सांगण्यावरून वळते, हे दाखवायचंय कुणाला?”

“खूण नाही हो ताई. धरलंय मी तिला. उठून निघते ती. धरावं लागतं.”

“माझ्याकडे येत असेल तर धरायचं कशाला?”

त्यांनी पदराने हात पुसले.

“तुमचं पोर, तुमचं घर,” एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. संध्याकाळभर बेडकीची बोटं दाराखालच्या फटीत होती. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आता घरात आई म्हणायला एकच बाई उरली होती.

शुक्रवार आला. पासष्टावी क्लिप. घरात आम्ही दोघीच.

फोन लावला. बेडकी पाठमोरी बसली. बसता बसता तिच्या हातातली स्टीलची वाटी खाली पडली, ठण्ण झालं. मी थोडं थांबले. मग हाक मारली.

तेव्हा काहीच खटकलं नाही, कारण दर वेळेसारखं माझं लक्ष हलणारा स्टँड धरण्याकडे. नंतर लॅपटॉपवर पाहिलं.

बेडकी वळते. हसते. हात पुढे करते.

मग दोन सेकंद जातात...

मग माझी हाक येते.

आता खूण करायला तिथे कुणी नव्हतं.

मी तीही क्लिप कानसेनला पाठवली. अर्ध्या तासात त्याचा फोन. आवाजात टवाळकी नव्हती.

“वाटी पडते ना सुरुवातीला? तो ठण्ण बरोबर वाटी जमिनीला लागते त्याच फ्रेमवर आहे. एका फ्रेमचाही फरक नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे आवाज कधी मागे पडलाच नव्हता. कुठल्याच क्लिपमध्ये नाही. मी सगळ्या तपासल्या. तू हाक कशाशी जुळवत होतीस?”

“तिच्या वळण्याशी.”

“अगं, माणसाच्या वळण्यावर कुणी आवाज जुळवतं का? टाळीवर जुळवतात, वाटीवर जुळवतात. आई हाक मारते आणि मग पोर वळतं, हे तू गृहीतच धरलंस.”

मी क्लिप पुन्हा पहिल्यापासून लावली.

“अजून एक. ती वळायच्या जरा आधीपासून तुझी हाक येईपर्यंत पंख्याचा आवाज नाही. रस्त्याचा नाही. काहीच नाही. कुणीतरी कात्रीने कापल्यासारखं. तू म्यूट केलंस?”

“हातसुद्धा लावला नाही.”

“बरं... आणि ती तुझ्याकडे बघत नाहीये. तुझ्या जरा डावीकडे बघतेय. तेवढ्याच उंचीवर. तुझ्या शेजारी कोण उभं होतं गं?”

मी फोन ठेवला आणि मावशींना लावला. माफी मागितली. रडलेही.

“मला काही ऐकू यायचं नाही, ताई,” त्या म्हणाल्या. “पण पोर ओ द्यायची आणि उठायची. तुम्ही कॉम्प्युटरवर असायच्या तेव्हासुद्धा. कुठल्या कोपऱ्यात निघाली ते बघायचा धीर नाही झाला माझा. नुसतं धरून ठेवायचे.”

“मला सांगितलं का नाही?”

“सांगत होते की. तुम्ही कसल्या ऐकताय! मी काही बोलले की तुमचं तोंड वाकडं.”

परत याल का, विचारलं. त्यांना दुसरं घर मिळालं होतं. आठ महिन्यांचं बाळ. “आता याला कसं सोडू?” म्हणाल्या. त्यांचंही खरंच.

त्यानंतर मी शूटिंग बंद केलं. हाक मारणंही बंद केलं. काही हवं असलं की उठून जाते आणि उचलून आणते.

परवा शुक्रवार होता. मी ओट्यापाशी दूध गार करत होते. बेडकी पॅसेजमध्ये खेळत होती. मी हूं की चूं केलं नव्हतं.

अचानक पंख्याचा आवाज येईनासा झाला. वर पाहिलं. पंखा फिरत होता...

“आले, आई!” बेडकी ओरडली.

आणि पावलं धावत गेली. माझ्याकडे नाही. मागच्या खोलीकडे.

दूध तिथेच टाकून मी पळाले.

खोलीच्या मधोमध ती उभी होती. दोन्ही हात वर, कुणाच्या तरी गळ्यात घातल्यासारखे. मान एका बाजूला टेकलेली.

तिच्या टाचा जमिनीवर नव्हत्या.

मग बोटंही उचलली जायला लागली...

मी तिला ओढून घेतलं. अक्षरशः हिसकावून. छातीशी घट्ट धरलं. “मी आहे गं, मी आहे...”

ती किंचाळली. पाय झाडले. माझ्या खांद्यावरून मागे हात लांब करून, जीव तोडून रडत राहिली.

“आई पाहिजे... आई पाहिजे...”

दोन दिवस झाले. नवऱ्याला यायला अजून तीन आठवडे आहेत. बेडकी माझ्या मांडीवर आहे, मी डाव्या हाताने हे टाइप करतेय, कारण उजवा सोडवत नाही. ती शांत आहे. अधूनमधून माझा चेहरा निरखून बघते, ओळख पटवत असल्यासारखी.

पंखा चालू आहे. आवाज येतोय. अजून तरी येतोय.

तुमचं मूल आत्ता दुसऱ्या खोलीत खेळत असेल, तर एवढं एक करा. हाक मारू नका. आवाज न करता उठा आणि जाऊन बघून या, ते एकटंच आहे ना...