नख शिरू नये असा जोड

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण ही घटना खरी आहे. ती ज्या ललितानं सांगितली, तिनं उभ्या आयुष्यात एक थाप मारलेली नाही. थापांचं खातं तिच्या नवऱ्याकडे आहे.

वाल्मीक त्याचं नाव. नाशिकहून सिन्नरकडे जाताना रस्त्यालगत त्याचा फर्निचरचा कारखाना आहे, पुढे शोरूम.

गेल्या वर्षीची पौष अमावस्या. वेळ रात्रीची नाही... भर दुपारी दोनची.

अमावस्येला सुतार हत्याराला हात लावत नाही. त्याचे कारागीरही आले नव्हते. त्यांना अडाणी ठरवून वाल्मीकनं स्वतःच शटर वर केलं. मशीनला कुठे अमावस्या कळते, असं त्याचं म्हणणं.

त्याला घाई होती. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचं, धोंडीराम सुतारांचं वर्षश्राद्ध होतं.

धोंडीरामांच्या डोळ्यांत हा जावई कधी भरलाच नाही. त्यानं काहीही बनवून दाखवलं की म्हातारा जोडावरून अंगठ्याचं नख फिरवायचा. कर्र... मग नाकातून एकच आवाज काढायचा.

"हं."

त्यापेक्षा शिवी परवडली असती.

वाल्मीकही काही कमी नव्हता. सासऱ्यांच्या हत्यारांना तो भंगार म्हणायचा. म्हातारा गेला आणि त्याच भंगारातला गुण्या त्याला हवासा झाला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. ते शोरूममध्ये काचेआड टांगायचं, खाली 'तीन पिढ्यांची कारागिरी' अशी पाटी लावायची आणि गिऱ्हाईक गटवायचं. ह्यानं जन्मात रंधा धरला नव्हता, ते सोडा.

सासूबाईंनी, सिंधुबाईंनी, अट घातली. धोंडीरामांच्या कामाच्या बाकातल्या सागवानाच्या मोजून तीन पट्ट्या दिल्या. म्हणाल्या, गुण्या मावेल अशी तिकोनी पेटी करा. तिन्ही जोडांत नख शिरलं नाही तर गुण्या तुमचा. शिरलं तर तो गोदावरीत जाईल.

पहिला कोपरा काटकोनाचा. वाल्मीकनं मशीन पंचेचाळीस अंशांवर लावलं, दोन टोकं कापली, गोंद लावून चिकटवली. लांबूनच बघून तो खूश झाला. नख फिरवून बघायची त्याला गरज वाटली नाही.

उरलेले दोन कोपरे पंचेचाळीस अंशांचे. ह्या शहाण्यानं मशीन पंचेचाळीसवरच ठेवलं.

कोन दोन पट्ट्यांनी निम्मा निम्मा घ्यायचा असतो, भावांनी वावर वाटून घ्यावं तसा. साडेबावीस आणि साडेबावीस. धोंडीरामांनी हे दहादा सांगितलं होतं. दहाही वेळा ह्यानं ते मोबाइल बघत ऐकलं होतं.

तिसरी पट्टी लावून पाहिली. फटीत बोट जाईल एवढी जागा.

आणि मागून आवाज आला...

"हं."

वाल्मीक वळला.

कोणी नव्हतं.

कॉम्प्रेसर असेल, असं म्हणत त्यानं पुन्हा पट्टी उचलली. मग त्याचं लक्ष गेलं. कॉम्प्रेसरची पिन काढलेलीच होती.

आता त्यानं मशीन साडेबावीसवर आणलं. कापलं. फट केसाएवढी उरली. मशीनचा काटा जरासा सरकलेला होता. मापासाठी आणलेला गुण्या समोरच पडला होता, काटा शून्यावर आणून तो पात्याला लावला असता तर चूक दिसली असती. पण भंगाराला विचारायचं म्हणजे कमीपणा.

पुन्हा कापलं. पुन्हा फट.

कर्र...

लाकडावरून नख फिरल्याचा आवाज. त्याचे दोन्ही हात मशीनवर होते.

घाबरून त्यानं आणखी दोनदा कापलं. शेवटी तिसरी पट्टी चांगली दोन बोटं तोकडी झाली. टोकापर्यंत पोचेचना. सागवान संपलं होतं. पाटी तर छापून आली होती.

तो समोरच्या टपरीवर चहाला गेला. दहा मिनिटं. शटर सगळा वेळ नजरेसमोर होतं, आत कोणी गेलं नाही.

परत आला तर...

पेटी जोडून ठेवलेली.

तीच तिसरी पट्टी, दोन बोटं तोकडी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर बसली होती. खाली जमिनीवर लाकडाची लांब, कागदासारखी पातळ साल पडली होती. तशी साल रंध्यानंच निघते. कारखान्यात रंधा नव्हताच.

दुसरा कोणी असता तर पळत सुटला असता. वाल्मीकलाही दरदरून घाम फुटला होता. तरी बहाद्दरानं फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. 'हाताचं काम.'

दुसऱ्या दिवशी पानं उठल्यावर सिंधुबाईंनी पेटी मांडीवर घेतली. पहिल्या कोपऱ्यावरून नख फिरवलं.

कर्र... अडकलं.

दुसऱ्या कोपऱ्यावर आवाज नाही. तिसऱ्यावरही नाही.

त्यांनी पहिल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा एक तुमचा," त्या म्हणाल्या. "बाकीचे दोन कोणाचे?"



त्यांनी गुण्या पेटीत ठेवला आणि पेटी त्याच्या हातात दिली. "नदीत नाय टाकायचा. त्यांना हितं अजून लय काम हाय."

म्हणजे त्याला हवं होतं ते मिळालं. गुण्या शोरूममध्ये आहे, गिऱ्हाइकं फोटो काढतात. वाल्मीक मात्र आता मशीनला हात लावत नाही. ललितानं कारण विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. तिला ते खरं वाटलं नव्हतं.

परवा त्यानं मुलीच्या वहीत पट्टीनं चौकट आखून दिली. घरात तिघंच होती. चौकट जरा तिरकी आली...

ह्या वेळी तो आवाज ललितालाही ऐकू आला.