आजीनं चोळलेली सरकी

"माझं बियाणं रोगट न्हवतं, एवढं शोधून द्या," बनुबाई म्हणाली.

खाजगी गुप्तहेर मच्छिंद्र खर्डे यांनी दुखरी कंबर चेपली. नगरहून कोल्हारपर्यंत एस.टी.त उभं राहून आल्यावर हेरगिरीची हौस कुणाला राहते? सोबतचा मदतनीस पुंजाराम तर ओट्यावर आडवाच झाला होता.

कपाशीचं बियाणं विकून बनुबाईचं घर चाले. यंदा, एकाहत्तरच्या पावसाळ्यात, आप्पासाहेबांच्या कपाशीवर करपा पडला. त्यांनी चावडीवर सांगितलं, रोग बनुबाईच्या बियाण्यातून आला. तेव्हापासून तिच्या दारी गिऱ्हाईक फिरकेना.

तिनं उरलेली सरकी पुढे केली. काळी, गुळगुळीत. "तेजाबात धुतलीया. लव राहात न्हाई, रोगबी न्हाई. हीच शेजारच्या गोरक्षनं नेली. त्याचं वावर बघा."

गोरक्षचं वावर हिरवंगार होतं. आप्पासाहेबांच्या कपाशीला पार तळातल्या पहिल्या दोन पानांपासून काळपट डाग.

"वाऱ्यापावसानं आला असंल रोग," पुंजाराम म्हणाला.

"मग वरून आला असता. हा बियाण्यातूनच उगवलाय," खर्डे म्हणाले.

"मी तेच बोंबलतोय!" आप्पासाहेब उसळले. "हिच्याकडनं आणलेली सरकी आईनं दरसालसारखी शेणात चोळून दिली, मी वावरात टोबली. आमची काय चूक?"

सगळे आप्पासाहेबांच्या घरी आले. अंगणात घमेलं पालथं पडलं होतं. वाळलेल्या शेणात पांढरे धागे चिकटलेले.

"घमेलं धुवायला कुणी न्हाई का ह्यांच्यात?" पुंजाराम कुजबुजला.

आप्पासाहेबांची आई साळूबाई दारात बसली होती. बनुबाई अंगणातच थांबली, खर्डे पुढे झाले.

"आजी, गेल्या साली कपाशी कशी होती?"

"पानं डागाळली हुती जरा. पर बोंडं लागली. बी ठिवलं म्या मडक्यात."

खर्डे खाली टेकले. त्यांना हे बोलायचंच नव्हतं.

"आप्पासाहेब, सरकी शेणात का चोळतात?"

"लव चिकटून गोळा हुतो. सुटी व्हावी म्हणून."

"बनुबाईच्या सरकीला लवच नाही. ती आधीच सुटी. मग घमेल्यात लवेचे धागे कुठले? तुम्ही टोबलीत ती मडक्यातली सरकी. शेण माखल्यावर तुम्हाला कळणार कसं? नगरच्या शेतकी अधिकाऱ्यांना विचारून आलोय. करप्याचे जंतू लवेत नि बियांत उन्हाळाभर जिवंत राहतात. पाणी मिळालं की पहिल्या पानावर येतात."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. "तेजाबानं जळकं बी ते, उगवंल कसं? गोठ्यामागं पुरलं म्या. लेकाचं वावर नासू नये म्हणून केलं... आन् म्याच नासलं व्हय रे?"

खर्ड्यांना आपल्या धंद्याचा मनापासून वीट आला.

"झालं ते झालं," आप्पासाहेब हळूच म्हणाले. "घरातच राहू द्या. गावात आईचं हसं हुईल."

"बनूचं झालं तवा?" म्हातारी भिंत धरून उठली. "चल गं बनू, चावडीवर. म्याच सांगते समद्यांना. पाय चालंना माझं, हात दे."

बनुबाई क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं हात दिला.