चौथा खांदा

वार्ड मेंबर झाल्यापासून वार्डातलं एकही दार रुपाला नवं राहिलं नव्हतं. पण नाल्यापलीकडचं ते शेवटचं घर तिच्या वार्डात नव्हतंच. श्रावणातली सर अंगावर आली म्हणून ती त्या ओट्यावर चढली… आणि थबकली. आत एक तरुण आपल्या आईचे केस विंचरत होता. गुंता ओढला जाऊ नये म्हणून केस मुळाशी धरून, अगदी हळू.

"कोन?" त्यानं मान वर केली.

"मी… मेंबर. पुराचं सांगून राह्यली घरोघरी. कागद, औषधं, बॅटरी, फुटाने — एका प्लास्टिकच्या पन्नीत बांधून दाराशी ठेवा म्हनून."

"पन्नी बांधतो, मेंबरबाई. मायले कशात बांधू?"

डोळ्यांत थट्टा होती, आवाजात मात्र नव्हती. त्याच्या आईची, जयवंताबाईंची, उजवी बाजू लकव्यानं गेली होती. त्यासाठीच हा लखन मंचेरियल शहरातली नोकरी सोडून गावी आला होता. रुपा ओढणीचं टोक पिळत राहिली. सर थांबली तरी आपला पाय निघत नाही, हे लक्षात आलं तेव्हा तिची कानशिलं तापली.

मग ती येत राहिली; कधी औषधाच्या पुड्या द्यायच्या म्हणून, कधी आणखी कशासाठी… मनात असलं की निमित्तं काय, वाटेवर पडलेली असतात.

"आज काय वाटून राह्यल्या?"

"शिट्टी. पानी चढलं तं वाजवा."

"अन् नाही चढलं तं?"

"तं… नका वाजवू."

"मंग तुमाले बलवाचं कसं?"

ती हसली, तोही हसला. मग आईकडे पाहत तो म्हणाला, "मामा म्हनतात, मायले घेऊन मंचेरियलले ये. मागच्या पुरात मी एकटा होतो. तिले उचलली अन् दोघंही पान्यात पडलो… खाट उचलाले चार मानसं भेटली तं राहीन. नाही तं पोळा झाला का जातो."

पोळ्याला किती दिवस उरले, ते रुपानं बोटांवर मोजलं. हा जाणार!

त्याच आठवड्यात ग्रामसभा भरली. मंडळ ऑफिसचा हुकूम आला होता: रविवारी पुराची तालीम करायची, चालता न येणाऱ्यांना उचलून शाळेत न्यायचं. सरपंच कुसुमबाईंनी विचारलं, "जयवंताबाईची खाट कोन उचलते?"

लखन उभा राहिला. शेजारचा राजकुमार आणि त्याचा भाऊ उठले. चौथा कोण? बाकीचे जागचे हलले नाहीत.

"पूर आला तं सारं गाव धावन," एक म्हातारा बोलला. "पन बिनकामानं जित्या बाईची खाट खांद्यावर? हे मयताची तालीम होते."

माना डोलल्या. रुपाचे वडील महिपत, त्यांचीही डोलली.

"राहू द्या," लखन म्हणाला. "आमी जातो."

तो वळला, आणि रुपा उभी राहिली.

"चौथा खांदा माझा."

बायांनी तोंडावर पदर घेतले. महिपत गरजले, "रुपे, खाली बस! बाई खांदा देते काय? अन् तेही परक्याच्या घरी?"

"बाबा…" ती उभीच राहिली. "मले ते घर परकं नाही वाटत."

लखन तिच्याकडे पाहत राहिला.

रविवारपर्यंत महिपत लेकीशी बोलले नाहीत. ती मात्र आली. खाट उचलली, चिखल तुडवला, नाला ओलांडला. गाव दोन्ही बाजूंनी मुकाट पाहत होतं. शाळेच्या वऱ्हांड्यात खाट टेकली तेव्हा तिचा खांदा सोलवटला होता.

"काऊन केलं असं?" लखननं हळूच विचारलं.

"तुमी गेले असते…"

"मायसाठी केलं?"

"मायसाठीही." ती खाली पाहत होती. "पन मले तुमी इथं पायजे. जाऊ नका."

त्याचे डोळे भरून आले. "आता हाकललं तरी जात नाही."

परत निघायची वेळ झाली. रुपा खाटेशी वाकली, तोच गर्दीतून महिपत आले. दुपट्ट्याची घडी खांद्यावर ठेवत म्हणाले, "सर बाजूले. पूर आला तं मी येईन. तू म्हातारीजवळ चाल."

खाट उचलली गेली. जयवंताबाईंनी डाव्या हातानं रुपाचा हात घट्ट धरला. त्यांना बोलता येत नव्हतं, पण बोटं सोडवेनात. लखन खाटेच्या पुढच्या खुराला खांदा देऊन होता, त्याला मान वळवता येईना. नाला आला, पाणी पायाला लागलं, तसा तो न राहवून सगळ्या गावासमोर बोललाच —

"रुपा… आहेस ना?"

तिच्या ओठांवर शब्द येईपर्यंत मागच्या खुरावरून महिपतच म्हणाले, "आहे रे, आहे. तू समोर पाहून चाल."